तीन अनुकूल अहवाल आणि एक न झालेला प्रयोग: आर्सेनिक-जीवाणू निबंधाच्या संपादकीय निर्णयाचा प्रकरण अभ्यास

1 सप्टेंबर 2010 रोजी 'सायन्स' या अमेरिकी नियतकालिकाकडे बारा लेखकांचा एक शोधनिबंध दाखल झाला. फेलिसा वुल्फ-सायमन या त्याच्या प्रमुख लेखिका होत्या. कॅलिफोर्नियातील मोनो सरोवराच्या गाळातून मिळवलेला एक जीवाणू फॉस्फरसच्या जागी आर्सेनिक वापरून वाढू शकतो, आणि हे आर्सेनिक त्याच्या डीएनएच्या रचनेतही शिरते, असा त्यातील दावा होता. 8 नोव्हेंबरला, म्हणजे 68 दिवसांनी, निबंध स्वीकारला गेला आणि 2 डिसेंबरला तो ऑनलाइन प्रसिद्ध झाला. 24 जुलै 2025 रोजी 'सायन्स'च्या संपादकांनी तो मागे घेतला. मागे घेताना लबाडीचा किंवा विदा (डेटा) बनवल्याचा आरोप कोणावरही करण्यात आला नाही. निबंधात दिलेले प्रयोग मुख्य निष्कर्षाला आधार देत नाहीत, एवढेच कारण संपादकांनी दिले.

प्रस्तुत टिपणाचा विषय तो जीवाणू नाही, तर वर उल्लेखिलेल्या 68 दिवसांत घेतला गेलेला निर्णय आणि त्यानंतर साडेचौदा वर्षे त्या निर्णयाचे काय झाले, हा आहे. हेच प्रकरण निवडण्याचे कारण सोपे आहे. नियतकालिकांचे समीक्षा-अहवाल, म्हणजे निबंध छापण्यापूर्वी तज्ज्ञ समीक्षकांनी दिलेली लेखी मते, सहसा संपादक आणि लेखक यांच्यापलीकडे कोणी पाहत नाही. या निबंधाचे अहवाल मात्र अमेरिकेच्या माहिती स्वातंत्र्य कायद्याखाली 'यूएसए टुडे' या दैनिकाच्या हाती आले आणि 2013 मध्ये त्यांवर वृत्त प्रसिद्ध झाले. तोपर्यंत अनेकांची अशी समजूत होती की समीक्षकांनी धोक्याची घंटा वाजवली असेल आणि संपादकांनी प्रसिद्धीच्या मोहापायी तिकडे दुर्लक्ष केले असेल. प्रत्यक्षात तीन समीक्षक होते आणि तिघांचेही मत अनुकूल होते. त्यामुळे या प्रकरणातील प्रश्न अधिक अवघड होतो, आणि माझ्या मते अधिक उपयोगीही: सगळी पावले नियमाप्रमाणे पडली असताना निर्णय चुकतो तो नेमका कोठे?

दावा आणि त्यामागचा पुरावा

आवर्त सारणीत आर्सेनिक फॉस्फरसच्या लगेच खाली येते. दोघांचे रासायनिक वर्तन पुष्कळसे सारखे असल्यामुळे पेशी आर्सेनेटला (आर्सेनिक आणि ऑक्सिजन यांच्या संयुगाला) फॉस्फेट (फॉस्फरसचे तसेच संयुग) समजून आत घेते, आणि आर्सेनिक विषारी ठरण्याचे एक मोठे कारणही हेच आहे. डीएनएच्या दोन्ही बाजूंच्या कण्यात फॉस्फेट असते. त्या जागी आर्सेनेट बसवून एखादा जीव जगतो असे सिद्ध झाले असते, तर जीवसृष्टीच्या मूलभूत रसायनाविषयीची समजूत बदलावी लागली असती.

मोनो सरोवराचे पाणी खारट आणि तीव्र अल्कधर्मी असून त्यात सरासरी 200 मायक्रोमोलर (विरघळलेल्या पदार्थाचे प्रमाण मोजण्याचे एकक) आर्सेनिक विरघळलेले आहे. तेथील गाळातील सूक्ष्मजीव घेऊन लेखकांनी ते अशा पोषक द्रावणात वाढवले की ज्यात आर्सेनेट भरपूर होते आणि फॉस्फेट मुद्दाम घातलेले नव्हते. अशा रीतीने वेगळा झालेला जीवाणू म्हणजे जीएफएजे-1. फॉस्फेट घातलेल्या द्रावणात तो जोमाने वाढला, 40 मिलीमोलर (एक मिलीमोलर म्हणजे 1,000 मायक्रोमोलर) आर्सेनेट असलेल्या द्रावणात सावकाश वाढला, आणि दोन्ही नसलेल्या द्रावणात वाढला नाही. निबंधाचा सगळा डोलारा या तिहेरी तुलनेवर उभा होता. पेशींमध्ये आणि डीएनएमध्ये आर्सेनिक आहे हे दाखवण्यासाठी किरणोत्सारी आर्सेनिकचा माग, वस्तुमान वर्णपटमापनाचे दोन प्रकार आणि सिंक्रोट्रॉन या कण-त्वरकातून मिळणारे क्षकिरण अशी तऱ्हेतऱ्हेची साधने वापरली होती. महागड्या यंत्रांची ही यादी वाचून दडपण येते, हे कबूल केले पाहिजे.

निबंधातच आणखी एक आकडा होता. 'फॉस्फेट न घातलेल्या' द्रावणातही क्षारांमधील अशुद्धीमुळे सरासरी 3.1 मायक्रोमोलर फॉस्फेट होते. लेखकांनी हा आकडा लपवला नव्हता. एवढ्याशा फॉस्फेटवर दिसलेली वाढ होणे शक्य नाही, असे त्यांचे म्हणणे होते. आर्सेनेट त्याच्या जवळजवळ तेरा हजार पट होते. पुढे या 3.1 ला जे महत्त्व आले ते तेव्हाच्या वाचनात कोणाला जाणवले असेल असे वाटत नाही.

निबंध दाखल झाल्यावर काय होते

'सायन्स'सारख्या नियतकालिकाकडे येणाऱ्या निबंधांपैकी बहुतेक समीक्षकांपर्यंत पोचतच नाहीत. आलेला निबंध विषयाचा संपादक वाचतो, संपादक मंडळातील एखाद-दुसऱ्या शास्त्रज्ञाचे झटपट मत घेतो, आणि त्यात नावीन्य व व्याप्ती पुरेशी नसेल तर तो परत पाठवला जातो. संशोधकांच्या बोलण्यात याला 'डेस्क रिजेक्शन' म्हणतात. या पहिल्या चाळणीचा निकष निबंध खरा आहे का, असा नसतो. खरा असेल तर तो किती महत्त्वाचा, असा असतो. आर्सेनिकवर जगणाऱ्या जीवाणूचा निबंध या चाळणीत अडकण्याची सुतराम शक्यता नव्हती.

त्यानंतर संपादक समीक्षक निवडतो. संपूर्ण प्रक्रियेत सर्वांत कमी चर्चा होणारी आणि सर्वाधिक परिणाम करणारी पायरी हीच आहे, असे मला वाटते. समीक्षक बहुधा दोन किंवा तीन असतात. त्यांना मोबदला मिळत नाही, ते आपले काम सांभाळून निबंध वाचतात, आणि प्रयोग पुन्हा करून पाहणे त्यांच्याकडून अपेक्षित नसते. त्यांच्यापुढे असतो तो मजकूर, आकृत्या आणि पूरक माहिती. लेखकांनी सांगितले ते घडले, असे गृहीत धरूनच त्यांना पुढे जावे लागते. सांगितलेल्यातून काढलेला निष्कर्ष निघतो का, हे तपासणे त्यांच्या हाती असते. अहवालाचे सहसा दोन भाग असतात: एक लेखकांनी वाचण्यासाठी आणि दुसरा केवळ संपादकासाठी. दुसऱ्या भागात पुष्कळदा अधिक मोकळे मत येते.

निर्णय समीक्षकांचा नसतो. ही गोष्ट नव्या लेखकांना अनेकदा सांगावी लागते. समीक्षक शिफारस करतात. स्वीकार, किरकोळ सुधारणा, मोठ्या सुधारणा किंवा नकार यांपैकी काय ते संपादक ठरवतो, आणि त्या पत्रावर सही त्याची असते. अहवालांची बेरीज-वजाबाकी करून उत्तर काढायचे असते, तर त्यासाठी संपादकाची गरजच नव्हती.

आर्सेनिक निबंधाच्या तीनही अहवालांचा सूर कौतुकाचा होता. काही शंका आणि सूचना होत्या, लेखकांनी त्यांना उत्तरे दिली, पण मुख्य दावाच थोपवून धरेल अशी हरकत कोणी घेतली नाही. संपादकाच्या खुर्चीवर बसून पाहिले तर चित्र असे दिसते: विषय विलक्षण, लेखकांपैकी काहींचे या क्षेत्रातील काम सर्वमान्य, साधने अद्ययावत, आणि तिन्ही समीक्षक एका मताचे. हे पाहून पत्र लिहायला किती वेळ लागेल?

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. संपादकाला खरे काम करायला भाग पाडतात ते परस्परविरोधी अहवाल. एक समीक्षक 'छापा' म्हणतो आणि दुसरा 'फेटाळा' म्हणतो तेव्हा संपादकाला स्वतः निबंध खोलात जाऊन वाचावा लागतो, कोणाची हरकत कितपत मुद्द्याची आहे हे तोलावे लागते, कधी चौथ्या तज्ज्ञाला साद घालावी लागते. एकमत झाले की हा सगळा खटाटोप टळतो. साध्या निबंधाच्या बाबतीत ते ठीकच आहे. पण दावा असाधारण असेल आणि तरीही तिघांपैकी एकालाही गंभीर अडचण दिसत नसेल, तर एकमताचा अर्थ दोन प्रकारे लावता येतो. पुरावा भक्कम आहे, हा एक अर्थ. तिघे एकाच बाजूने पाहत आहेत, हा दुसरा. अहवालांच्या कागदावरून यांतला कोणता अर्थ खरा, ते कळत नाही. समीक्षक कोणत्या क्षेत्रांतून निवडले होते, हे फक्त संपादकाला माहीत असते, म्हणून हा फरक ओळखण्याची जबाबदारीही त्याचीच ठरते.

जेलमधील डीएनए

निबंध प्रसिद्ध झाल्यावर दोन दिवसांत, 4 डिसेंबरला, कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातील सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रोझी रेडफील्ड यांनी आपल्या ब्लॉगवर त्याची सविस्तर चिरफाड केली. त्यांच्या मुद्द्यांपैकी दोन येथे महत्त्वाचे आहेत.

पहिला मुद्दा शुद्धतेचा होता. डीएनएमध्ये आर्सेनिक आहे हे दाखवताना लेखकांनी डीएनए जेलमधून (रेणू आकारानुसार वेगळे करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या जेलीसारख्या थरातून) विजेच्या साहाय्याने सरकवले होते आणि जेलचा तो तुकडा कापून त्यातील मूलद्रव्ये मोजली होती. डीएनएवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेत जेलमधून डीएनए बाहेर काढून, धुऊन, शुद्ध करून मग पुढचे मोजमाप करणे हा रोजचा शिरस्ता आहे. त्यासाठी तयार संच मिळतात आणि हे काम पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही करतो. आर्सेनेटने ओथंबलेल्या द्रावणात वाढलेल्या पेशींपासून मिळवलेल्या नमुन्यात आर्सेनिक सापडले, तर ते डीएनएच्या कण्यात जोडलेले आहे की नुसते आजूबाजूला चिकटले आहे, हे धुतल्याशिवाय सांगता येत नाही. दुसरा मुद्दा वर उल्लेखिलेल्या 3.1 मायक्रोमोलरचा होता. रेडफील्ड यांनी साधा हिशेब मांडून दाखवले की तेवढे फॉस्फेट दिसलेल्या वाढीला पुरून उरू शकते.

याच सुमारास हार्वर्डमधील एका सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने तिसरी अडचण दाखवली, आणि मला ती तिन्हींत देखणी वाटते. आर्सेनेटचे असे बंध पाण्यात टिकत नाहीत. सेकंदाच्याही अंशात ते तुटतात असा रसायनशास्त्राचा अंदाज आहे. डीएनए वेगळे करण्याच्या पद्धतीत नमुना पाण्याच्या संपर्कात येतोच. कण्यात आर्सेनेट असते तर त्याचे बारीक तुकडे व्हायला हवे होते. निबंधातील जेलच्या आकृतीत मात्र डीएनए लांबच्या लांब, अखंड दिसत होते. म्हणजे दाव्याविरुद्धचा पुरावा लेखकांच्याच आकृतीत होता, आणि तो दिसण्यासाठी नवा प्रयोग करण्याचीही गरज नव्हती.

या तिन्ही हरकतींपैकी एकही सिंक्रोट्रॉनच्या विद्येतील नव्हती. त्या रोजच्या जीवरसायनशास्त्रातल्या, प्रयोगशाळेच्या टेबलावरच्या होत्या. निबंधाचे वजन मात्र यंत्रांकडे आणि भू-रसायनाकडे झुकलेले होते, आणि अशा निबंधासाठी समीक्षक शोधताना संपादकाची नजर साहजिकच त्या दिशेने जाते: ही मापने कोणाला समजतील, आर्सेनिक वापरणाऱ्या सूक्ष्मजीवांवर कोणी काम केले आहे, हे प्रश्न आधी मनात येतात. समीक्षकांची नावे गोपनीय असल्यामुळे त्यांच्यापैकी कोण कशात निपुण होते, याविषयी तर्क करण्यात अर्थ नाही. मात्र दाव्याची साखळी सुटी करून पाहिली तर संपादकाने कोणते कौशल्य मागायला हवे होते, हे स्वच्छ दिसते. दाव्याची पहिली कडी: जीवाणू फॉस्फेटशिवाय वाढतो. दुसरी कडी: आर्सेनिक डीएनएच्या रेणूत जोडले जाते. तिसरी कडी: असा रेणू पाण्यात टिकतो. यंत्रांची सगळी श्रीमंती दुसऱ्या कडीवर खर्च झाली होती, तीही नमुना पुरता स्वच्छ न करता. पहिल्या कडीसाठी सूक्ष्मजीवांच्या पोषणाचा जाणकार आणि तिसरीसाठी न्यूक्लिक आम्लांच्या (डीएनएसारख्या रेणूंच्या) रसायनाचा जाणकार हवा होता.

समीक्षक निवडताना निबंधाच्या विषयाकडे पाहावे, ही रूढ पद्धत. या प्रकरणाने मला पटवले आहे की निबंधाच्या सर्वांत कच्च्या कडीकडे पाहून निवड करावी. त्यासाठी संपादकाला समीक्षकांच्या आधी निबंध समीक्षकासारखा वाचावा लागतो, आणि आठवड्याला ढिगाने येणाऱ्या निबंधांमध्ये त्याला तेवढा वेळ काढणे कठीण असते, हेही तितकेच खरे.

दुसरे निर्णयपत्र कसे असले असते

8 नोव्हेंबरच्या पत्राऐवजी 'मोठ्या सुधारणा' सुचवणारे पत्र गेले असते तर त्यात काय असते? 'डीएनए जेलमधून काढून शुद्ध करा आणि आर्सेनिक पुन्हा मोजा', हे एक वाक्य पुरेसे होते. काम काही आठवड्यांचे होते. आर्सेनिक नाहीसे झाले असते तर लेखकांनीच दावा आटोपता घेऊन 'आर्सेनिकच्या अतिरेकातही तग धरणारा जीवाणू' असा, कदाचित दुसऱ्या नियतकालिकासाठी, चांगला निबंध लिहिला असता. आर्सेनिक टिकले असते तर निबंध अभेद्य झाला असता.

याची दुसरी बाजूही आहे. समीक्षकांनी मागितलेल्या वाढीव प्रयोगांनी संशोधक मेटाकुटीला येतात, ही तक्रार जुनी आणि बरीचशी रास्त आहे. 'हेही करून दाखवा, तेही करून दाखवा' असे म्हणत निबंध वर्षभर लटकवता येतो, आणि अनपेक्षित निष्कर्ष हे केवळ अनपेक्षित असल्यामुळे दडपले जाण्याचा धोका असतो. जे नियतकालिक कधीच चुकत नाही ते बहुधा धाडसाचे काहीच छापत नाही. म्हणूनच मागणी कोणती करायची, यातला विवेक मोलाचा ठरतो. ज्या प्रयोगाचे उत्तर कसेही आले तरी निष्कर्ष तोच राहणार असेल, तो मागू नये. ज्याच्या उत्तरावर शीर्षकच टिकणार किंवा पडणार असेल, तो मागितल्याशिवाय निबंध सोडू नये. जेल धुण्याचा प्रयोग दुसऱ्या प्रकारचा होता.

प्रसिद्धीनंतरचे निर्णय

नियतकालिकाचे काम स्वीकृतीच्या पत्राने संपते, असे मानण्याची सवय आपल्याला आहे. या प्रकरणात खरी परीक्षा त्यानंतर झाली. 29 नोव्हेंबरलाच नासाने पत्रकार परिषदेचे निमंत्रण काढले होते आणि पृथ्वीबाहेरील जीवसृष्टीच्या शोधावर परिणाम करणाऱ्या निष्कर्षाची घोषणा होणार, असे त्यात म्हटले होते. परग्रहावरचे जीव सापडल्याच्या अफवा तीन दिवस उठत राहिल्या. मग टीका सुरू झाली तेव्हा लेखकांनी आणि नासाने भूमिका घेतली की शास्त्रीय चर्चा तज्ज्ञ-समीक्षा झालेल्या साहित्यातूनच व्हावी. भूमिका वरकरणी शिस्तीची, पण तिच्यात एक पेच होता. घोषणा जगभरच्या कॅमेऱ्यांपुढे करायची आणि हरकत मात्र काही महिन्यांनी, नियतकालिकाच्या दारातून आणायची, हा सौदा टीकाकारांना मान्य होण्यासारखा नव्हता. ब्लॉगवरची टीका दोन दिवसांत जिथे पोचली, तिथे औपचारिक मार्गाने पोचायला सहा महिने लागले.

तो औपचारिक मार्ग 'सायन्स'ने नीट वापरला, हे नोंदवले पाहिजे. तेव्हाचे मुख्य संपादक ब्रूस अल्बर्ट्स यांच्या कारकिर्दीत 2011 च्या मेअखेर आठ तांत्रिक टिप्पण्या आणि लेखकांचे उत्तर एकत्र ऑनलाइन प्रसिद्ध झाले आणि 3 जूनच्या छापील अंकात मूळ निबंधासोबत आले. टिप्पण्यांचीही समीक्षा होते, लेखकांना उत्तराची संधी मिळते, आणि म्हणून वेळ लागतो. एका निबंधावर आठ टिप्पण्या छापणे हेच संपादकांच्या अस्वस्थतेचे लक्षण होते. पण निबंध जागच्या जागी राहिला.

मूळ गटाने जीएफएजे-1 चे नमुने मागणाऱ्यांना दिले, ही त्यांच्या बाजूने जमेची गोष्ट. त्यामुळेच जुलै 2012 मध्ये 'सायन्स'मध्ये दोन स्वतंत्र निबंध येऊ शकले. रेडफील्ड आणि प्रिन्स्टनमधील सहकारी यांनी दाखवले की फॉस्फेट तुटपुंजे असताना आर्सेनेट वाढीला हातभार लावत नाही, आणि शुद्ध केलेल्या डीएनएमध्ये जोडलेले आर्सेनेट सापडत नाही. झुरिकच्या गटाने तर आकडाच दिला: 40 मिलीमोलर आर्सेनेट असतानाही हा जीवाणू 1.7 मायक्रोमोलर फॉस्फेटवर वाढतो, पण फॉस्फेट 0.3 च्या खाली गेले की वाढत नाही. मूळ निबंधातील 'फॉस्फेट नसलेल्या' द्रावणात 3.1 होते. सुमारे पावणेदोन वर्षांपूर्वी तिघा समीक्षकांच्या नजरेखालून गेलेला आकडा असा परत आला.

याच वर्षी 'नेचर' या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासाने जीवाणूतील प्रथिने आर्सेनेटच्या गर्दीतूनही फॉस्फेट कसे नेमके निवडतात, हे दाखवले, आणि विज्ञानापुरता प्रश्न मिटला. नियतकालिकापुरता तो मिटला नव्हता.

मागे घ्यावा की राहू द्यावा

2012 मध्ये 'सायन्स'ने निबंध मागे घेतला नाही. तेव्हाची तेथील रीत अशी की गैरवर्तन असेल तर निबंध मागे घ्यायचा. निष्कर्ष चुकीचा ठरला तर पुढच्या निबंधांनी त्याला खोडून काढावे. ही रीत विज्ञानाच्या स्वभावाला धरूनच आहे, कारण चुकलेला प्रत्येक निबंध मागे घ्यायचा म्हटले तर ग्रंथालये ओस पडतील. पण प्रकाशन-नैतिकतेच्या 'कोप' या समितीने 2009 मध्येच जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली होती, त्यांत प्रामाणिक चुकीमुळे निष्कर्ष अविश्वसनीय ठरले तरी निबंध मागे घेण्याचा विचार करावा, असे म्हटले होते. म्हणजे नियमाची वाट मोकळी होती, रूढीची नव्हती. मागे घेणे म्हणजे डाग, हा अर्थ संशोधकांच्या मनात इतका पक्का आहे की प्रामाणिक लेखकांवर तो लावायला संपादक कचरतात.

2025 मध्ये मुख्य संपादक होल्डन थॉर्प यांनी तो अर्थ बाजूला ठेवून निर्णय घेतला: गैरवर्तन नसतानाही, प्रयोग निष्कर्षाला आधार देत नसतील तर निबंध मागे घेणे योग्य ठरते. लेखकांनी हे मान्य केले नाही. त्यांचा युक्तिवाद असा की विदा खरी आहे, अर्थ लावण्याविषयी मतभेद आहेत, आणि मतभेद मिटवण्याचे साधन निबंध मागे घेणे (रिट्रॅक्शन) नव्हे.

मी या वादात अर्धा लेखकांच्या बाजूने आहे. निर्णय गुणवत्तेवर बरोबर असेल, पण तो इतक्या उशिरा का घेतला, हे सांगता येत नाही. 2012 नंतर या निबंधाविरुद्ध नवे निर्णायक असे काही आले नव्हते. जे 2025 मध्ये पुरेसे ठरले ते तेरा वर्षांपूर्वीही हाताशी होते. नियतकालिकाचा निकष बदलला आणि बदललेला निकष मागच्या तारखेने एका नामांकित प्रकरणाला लावला गेला. त्याच निकषावर न उतरणारे, पण इतके गाजलेले नसलेले किती निबंध शांतपणे कपाटात आहेत, हा प्रश्न लेखक विचारू शकतात, आणि त्याला सोपे उत्तर नाही. उलट बाजूने पाहता, निबंध विनाखूण राहिला असता तर प्रत्येक नवा वाचक त्याला तितक्याच विश्वासाने हाताळू शकला असता. टिप्पण्या आणि नंतरचे निबंध शोधून वाचण्याची तसदी सगळे घेत नाहीत. माझ्या दृष्टीने खरी उणीव मधल्या पायऱ्यांची आहे. दुरुस्ती, चिंता व्यक्त करणारी संपादकीय नोंद आणि मागे घेणे, एवढेच पर्याय संपादकाकडे असतात, आणि 'प्रामाणिकपणे केलेले, पण निष्कर्ष टिकला नाही' असे म्हणणारी, डाग न लावणारी खूण त्यांत नाही.

समीक्षा-अहवालांचा मुद्दा अजून उरतो. ते 2010 मध्येच निबंधासोबत प्रसिद्ध झाले असते, तर ब्लॉगवरच्या टीकाकारांना समीक्षकांनी काय पाहिले आणि काय पाहिले नाही, हे पहिल्याच दिवशी कळले असते, आणि कदाचित अहवाल लिहितानाच समीक्षकांनी जेलच्या आकृतीकडे आणखी एकदा पाहिले असते. ब्रिटनमधील 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकाने 1999 पासून समीक्षकांची नावे लेखकांना कळवण्याची पद्धत स्वीकारली होती; 'नेचर'ने जून 2025 पासून नव्या निबंधांसोबत समीक्षकांचे अहवाल आणि लेखकांची उत्तरे आपोआप प्रसिद्ध करण्यास सुरुवात केली, नावे मात्र समीक्षकाने ठरवल्याशिवाय उघड होत नाहीत. आर्सेनिक निबंधाचे अहवाल बाहेर यायला पत्रकाराचा कायदेशीर अर्ज लागला होता. तो निबंध आजही 'सायन्स'च्या संकेतस्थळावर वाचता येतो. त्यावर मागे घेतल्याची खूण आहे, आणि जेलच्या आकृतीतील डीएनए अजूनही अखंड दिसते.